ठिणगी कोठें अडली?

पावसाळ्यांतील सकाळ, कचेरीची वेळ भरत आलेली, आणि दाराशीं उभी असलेली मोटारसायकल कांहीं केल्या चालू होत नाहीं, हा प्रसंग शहरांतील बहुतेक कुटुंबांच्या परिचयाचा आहे. गृहस्थ एकामागून एक किक मारतो, घाम पुसतो, यंत्राकडे रागानें पाहतो. शेजाऱ्यांपैकीं कोणी सांगतो, 'प्लग बदला.' दुसरा म्हणतो, 'कार्ब्युरेटर साफ करा.' तिसऱ्याचा रोख बॅटरीवर असतो. सल्ला देणाऱ्यांपैकीं एकानेंही यंत्राला प्रश्न विचारलेला नसतो. न पेटणाऱ्या यंत्राला प्रश्न कसे विचारावेत, कोणत्या क्रमानें विचारावेत, आणि त्याचीं उत्तरें कशीं वाचावींत, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

विषय नुसत्या नियमांनीं सांगितला तर तो कोरडा वाटण्याचा संभव आहे. म्हणून पुण्यांतील एका कुटुंबाची हकीकत बरोबर घेऊनच पुढें जाणें योग्य होईल.

त्या घरीं ३५० घनसेंटिमीटरची एक जुनी बुलेट होती. रॉयल एन्फील्ड हें मूळचें इंग्लंडांतील नांव. १९५५ सालीं मद्रास येथें एन्फील्ड इंडिया ही कंपनी निघाली आणि बुलेट आपल्या देशांत तयार होऊं लागली. इंग्लंडांतील मूळ कारखाना पुढें बंद पडला. मद्रासचा चालूच राहिला. प्रस्तुत गाडी १९७१ सालची. घरांतील आजोबा पाटबंधारे खात्यांत ओव्हरसियर होते. कालव्याच्या कांठच्या कच्च्या रस्त्यांनीं ते वर्षानुवर्षें त्याच गाडीवरून हिंडले, आणि निवृत्त झाल्यावर त्यांनीं आपल्या नातीला ती चालविण्यास शिकविलें. आजोबा वारले त्याला वर्ष होत आलें होतें. वडील बँकेंत नोकरीस; त्यांना गाडीविषयीं ममता होती, पण वेळ नव्हता. एके दिवशीं नात महाविद्यालयांतून गाडीवर परत येत असतां गल्लीच्या कोपऱ्यावर यंत्र एकदम बंद पडलें, आणि गाडी ढकलीत घरीं आणावी लागली.

त्यानंतर दोन महिन्यांत तीन कारागीर येऊन गेले. पहिल्यानें प्लग बदलला. गाडी चालू झाली, म्हणून त्याला पैसे दिले. दुसऱ्या दिवशीं ती पुन्हां मुकी. दुसऱ्यानें कॉइल बदलली. त्याच्या दुकानांत गाडी उत्तम चालली, आणि घराच्या बोळांत आणून हँडल वळवून लावतांच बंद पडली. तिसऱ्यानें बॅटरी नवी घातली, आणि एवढ्यानेंही भागलें नाहीं तेव्हां सगळें वायरिंग बदलण्याचा खर्च सांगितला. वडील कंटाळले. भंगारवाल्याशीं बोलणें झालें. रविवारीं सकाळीं तो टेम्पो घेऊन यावयाचा होता. शनिवारीं दुपारीं नातीनें आजोबांच्या जुन्या मिस्त्रींना बोलावून आणलें. त्यांचें वय सत्तरीच्या पुढें, दुकान मुलाच्या हातीं दिलेलें. आल्याबरोबर त्यांनीं पिशवींतून हत्यारें काढलीं नाहींत. ते पायरीवर बसले आणि म्हणाले, "पोरी, आधीं मला सांग, गाडी बंद पडली कशी?"

हा प्रश्न दोन महिन्यांत कोणीच विचारला नव्हता.

वैद्य नाडी पाहण्यापूर्वीं रोग्याची हकीकत ऐकून घेतो, त्याप्रमाणें यंत्राचीही हकीकत ऐकावी लागते. यंत्र थांबण्याच्या रीति दोन आहेत. पेट्रोल संपत आलें किंवा वाटेंत अडूं लागलें, म्हणजे यंत्र आधीं अडखळतें, आचके देतें, पुन्हां क्षणभर उचल खातें आणि मग थांबतें. वीज तुटली, तर फुंकर घालून दिवा विझवावा तसें यंत्र एकाएकीं थांबतें. पूर्वसूचना बहुधा मिळत नाहीं. या ठोकताळ्याला अपवाद आहेत, परंतु शोधाची दिशा ठरविण्यास तो पुरेसा आहे. मिस्त्रींचा दुसरा प्रश्न होता, त्या वेळीं दिवे लागत होते काय? तिसरा, पाऊस होता काय? नातीनें आठवून सांगितलें, "काका, एकदम थांबली. आचका नाहीं, कांहीं नाहीं. मीं हेडलाइट लावून पाहिला, तो चांगला लागत होता. पाऊस मुळींच नव्हता." थोडें थांबून ती म्हणाली, "कोपऱ्यावर वळत होतें तेव्हां." मिस्त्रींनीं मान हलविली आणि ते उठले.

त्यांची तपासणी समजण्यासाठीं यंत्राची मूळ गरज समजून घेतली पाहिजे. पेट्रोलवर चालणाऱ्या यंत्राला तीन गोष्टी लागतात: पेट्रोल व हवा यांचें योग्य मिश्रण, त्या मिश्रणावर सिलिंडरांत पडणारा दाब, आणि नेमक्या क्षणीं पडणारी ठिणगी. यांपैकीं कोणती गोष्ट हरवली आहे हें ठरविल्यावांचून हत्याराला हात लावणें म्हणजे आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं, असा प्रकार होय. दाब आहे कीं नाहीं, हें किक मारणाऱ्याच्या पायालाच कळतें. किक कोठेंही न अडतां सहज खालीं जात असेल, तर दोष विजेंत शोधूं नये. पेट्रोल पोहोंचतें कीं नाहीं, हें प्लग सांगतो. आठ-दहा किक मारून प्लग काढावा. टोंक कोरडें असेल तर पेट्रोल वाटेंतच अडलें आहे. टांकीचा नळ, टांकीच्या झांकणाचें हवेचें भोंक आणि कार्ब्युरेटर यांकडे वळावें. टोंक ओलें असून त्यास पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल आलें आहे पण पेटलेलें नाहीं; मग संशय ठिणगीवर येतो. दोन मिनिटांच्या पाहणीनें शोधाचें अर्धें क्षेत्र असें वगळतां येतें. त्याहीपूर्वीं चावी फिरविली आहे काय, यंत्र थांबविण्याचें लाल बटण चुकून दाबलें गेलें आहे काय, आणि पेट्रोलचा नळ उघडा आहे काय, हें पाहण्यांत कमीपणा मानूं नये. पुष्कळ गाड्या एवढ्याच पाहणीनें चालू झालेल्या आहेत.

बुलेटचा प्लग ओला निघाला. प्रश्न ठिणगीचा होता.

ठिणगीचा मार्ग मोठा कुतूहलजनक आहे. बॅटरीचा दाब अवघा सहा किंवा बारा व्होल्ट. प्लगच्या दोन टोंकांमधील अंतर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. परंतु दाबलेल्या वायूंतून एवढी दरी ओलांडण्यास हजारों व्होल्ट लागतात. सहाचे हजारों करण्याची युक्ति मायकेल फॅराडे यानें १८३१ सालीं दाखविलेल्या नियमांत आहे. चुंबकत्व जितक्या झपाट्यानें बदलेल, तितका जवळच्या तारेच्या वेटोळ्यांत विजेचा दाब अधिक निर्माण होतो. कॉइलमध्यें लोखंडी गाभ्याभोंवतीं जाड तारेचे कांहीं शें आणि बारीक तारेचे हजारों वेढे असतात. जाड वेढ्यांतून बॅटरीचा प्रवाह वाहूं लागला कीं गाभा चुंबक बनतो. तो प्रवाह एकदम तोडला कीं चुंबकत्व कोसळतें, आणि बारीक वेढ्यांत दहा-वीस हजार व्होल्टांचा झटका उठतो. तोच जाड रबरी वेष्टणाच्या तारेनें प्लगपर्यंत जातो. ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, ठिणगी प्रवाह जोडल्यानें पडत नाहीं, तोडल्यानें पडते.

तोडण्याचें हें काम जुन्या गाड्यांत कॉन्टॅक्ट ब्रेकर करतो. कारागीर त्याला नुसतें 'पॉइंट' म्हणतात. धातूचीं दोन लहान टोंकें एकमेकांस टेकतात, आणि यंत्राबरोबर फिरणारा उंचवटा त्यांना नेमक्या वेळीं दूर करतो. बुलेटसारख्या एका सिलिंडरच्या चार-स्ट्रोक यंत्रांत दोन फेऱ्यांमागें एक ठिणगी लागते. मिनिटाला तीन हजार फेरे होत असतील, तर हीं टोंकें सेकंदाला पंचवीस वेळां उघडतात. उघडतांना त्यांच्यामध्येंच ठिणगी उडून तीं जळूं नयेत आणि प्रवाह स्वच्छपणें तुटावा, म्हणून शेजारीं कंडेन्सर बसविलेला असतो. जर्मनींत रॉबर्ट बॉश यानें १८९७ सालीं एका तीनचाकी वाहनाला मॅग्नेटो बसविला. त्याच्याच कारखान्यांतील गॉटलोब होनोल्ड यानें १९०२ सालीं उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. आणि अमेरिकेंतील चार्ल्स केटरिंग याची बॅटरी व कॉइल यांची योजना १९१० च्या कॅडिलॅक मोटारींत आली. पुढें कित्येक दशकें सर्व जगांतील मोटारी व मोटारसायकली बहुतांशीं याच दोन रीतींवर चालल्या.

आतां तपासणीचा क्रम. प्लग काढून तो पुन्हां त्याच्या टोपींत बसवावा, त्याचें लोखंडी अंग सिलिंडरच्या धातूला टेकवून ठेवावें, चावी चालू करावी आणि किक मारावी. प्लग हातानें धरूं नये. रबरी टोपीला पक्कड लावून धरावा किंवा कल्ल्यांमध्यें टेकवून ठेवावा. प्लगच्या उघड्या भोंकांतून पेट्रोलची वाफ बाहेर पडते, म्हणून ठिणगी त्या भोंकापासून दूर असावी. निळसर पांढरी, टणत्कार करणारी ठिणगी पडली तर ती निरोगी समजावी. पिंवळी किंवा तांबूस, बारीक ठिणगी अशक्तपणाचें लक्षण होय. येथें एक फसगत संभवते. बाहेरच्या मोकळ्या हवेंत ठिणगी सहज पडते. दाबलेल्या मिश्रणांत तिला अधिक जोर लागतो. म्हणून बाहेर कशीबशी दिसणारी ठिणगी आंत पडतेच असें नाहीं.

ठिणगी दिसली नाहीं, तर दुसरा चांगला प्लग लावून पाहावा. तरीही नसेल, तर टोपी काढून जाड तारेचें टोंक धातूपासून चार-पांच मिलिमीटरवर धरावें, अर्थात् वेष्टण कोरडें आहे आणि हात दूर आहे याची खात्री करूनच. येथें ठिणगी उडाली तर दोष टोपींत आहे. पावसाळ्यांत टोपींत पाणी शिरणें किंवा तिला बारीक चीर पडणें हें नेहमींचें दुखणें आहे. येथेंही ठिणगी नसेल, तर दोष अधिक मागें, म्हणजे कॉइलमध्यें किंवा कॉइलच्या अलीकडच्या कमी दाबाच्या मार्गांत आहे. अशा रीतीनें प्लगपासून बॅटरीकडे एकेक पाऊल मागें सरकत जावें, आणि प्रत्येक पावलावर एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी चालू झाली, तर कोणत्या गोष्टीनें ती चालू झाली हें कधींच कळत नाहीं.

पण तिन्ही कारागिरांनीं तरी एकेकच गोष्ट बदलली होती, असा आक्षेप येथें कोणी घेईल. त्यांची चूक निराळी होती. त्यांनीं बदलण्यापूर्वीं तपासलें नाहीं, आणि तपासल्यावांचून मिळालेलें यश खरें मानलें.

मिस्त्री गाडीजवळ आले तेव्हां ती बोळांत, भिंतीला लागून, हँडल डावीकडे वळविलेल्या स्थितींत उभी होती. नात हँडल सरळ करावयास गेली. मिस्त्री म्हणाले, "हात लावूं नकोस. आहे तसेंच राहूं दे. चोर आहे त्या जागींच पकडायचा."

प्रथम त्यांनीं ॲमीटरकडे पाहिलें. हा लहानसा कांटा जुन्या बुलेटच्या हेडलाइटवरील आवरणांत बसविलेला असतो. बॅटरींतून प्रवाह बाहेर जाऊं लागला कीं कांटा एका बाजूस झुकतो, बॅटरी भरली जाऊं लागली कीं दुसऱ्या. यंत्र बंद असतां चावी फिरवून किक अगदीं सावकाश दाबली, तर पॉइंट मिटतांच कांटा उणे बाजूस झुकतो आणि पॉइंट उघडतांच शून्यावर परत येतो. कांटा असा डुलत असेल तर बॅटरी, चावी, कॉइलचे जाड वेढे आणि पॉइंट ही सगळी सांखळी जोडलेली व उघडमीट करणारी आहे, असें न बोलतां कळतें. कांटा झुकलेलाच राहिला, तर पॉइंट उघडत नाहींत किंवा मार्गांत कोठें तरी तार धातूला टेकली आहे. कांटा हललाच नाहीं, तर सांखळी कोठें तरी तुटलेली आहे. हत्यार न लावतां होणारी ही परीक्षा कित्येक तरुण कारागिरांना ठाऊक नसते.

बुलेटचा कांटा शून्यावर स्थिर राहिला. मिस्त्रींनीं हेडलाइट लावला. कांटा लगेच झुकला. म्हणजे बॅटरी जिवंत होती, ॲमीटर जिवंत होता, दिव्यांना वीज मिळत होती. फक्त कॉइलकडे जाणारा मार्ग मुका होता. नवी बॅटरी घेण्याचें कारणच नव्हतें, हें तेथेंच सिद्ध झालें.

त्यानंतर पिशवींतून पहिलें साधन निघालें: एक सहा व्होल्टचा बल्ब, त्याला दोन तारा. कारागीर त्यास 'टेस्ट लॅम्प' म्हणतात. एक तार गाडीच्या स्वच्छ धातूला जोडावयाची आणि दुसरीचें टोंक मार्गांतील एकेका जोडावर टेकवीत जावयाचें. जेथपर्यंत बल्ब लागतो तेथपर्यंत वीज पोहोंचली. जेथें लागत नाहीं त्या जागेच्या अलीकडे ती अडली. बॅटरीच्या टोंकावर बल्ब लागला. ॲमीटरच्या दोन्ही टोंकांवर लागला. चावीच्या स्विचच्या आंत येणाऱ्या तारेवर लागला, बाहेर जाणाऱ्या तारेवरही लागला. टांकीखालीं असलेल्या कॉइलवर टोंक टेकवितांच बल्ब अंधारला. स्विच आणि कॉइल यांच्यामध्यें एकच तार होती, आणि ती बाहेरून निर्दोष दिसत होती.

"आतां हँडल सरळ कर," मिस्त्री म्हणाले. नातीनें हँडल सरळ केलें. बल्ब लागला. डावीकडे नेलें, विझला. पुन्हां सरळ, पुन्हां लागला. एवढ्यांत वडील दारांत येऊन उभे राहिले होते. त्यांनीं स्वतः पुढें होऊन हँडल दोनदां वळवून पाहिलें, आणि कांहीं न बोलतां ते बल्बाकडे पाहत राहिले.

हँडल ज्या ठिकाणीं वळतें, तेथून तारांची जुडी पुढील आवरणांतून मागें टांकीखालीं जाते. वर्षानुवर्षें ती जुडी प्रत्येक वळणावर वांकते आणि सरळ होते. बाहेरचें वेष्टण लवचीक असल्यानें टिकतें. आंतील तांब्याचे तंतू एकेक करून तुटतात. शेवटचा तंतु तुटल्यावर तार बाहेरून अखंड आणि आंतून दुभंगलेली राहते. हँडल सरळ असेल तर तुटलीं टोंकें एकमेकांस टेकतात. वळविलें कीं दूर होतात. कोपऱ्यावर वळतांना गाडी कां थांबली, दुकानांत ती कां चालली, आणि घरच्या बोळांत कां मुकी झाली, या तिन्ही प्रश्नांचें उत्तर त्या वीतभर तारेंत होतें. नव्या प्लगनें गाडी चालू झाली नव्हती. प्लग बदलतांना हँडल सरळ झालें होतें.

अशा वेळीं तुटल्या जागेवर नुसती पट्टी गुंडाळणें उपयोगी नाहीं. मिस्त्रींनीं तेवढा भाग कापून नवी तार घातली, सांधे डाग देऊन पक्के केले, त्यांवर नळी चढविली, आणि हँडल दोन्ही बाजूंस पूर्ण वळलें तरी ताण पडूं नये एवढी ढील ठेवली. मग त्यांनीं नवी कॉइल काढून दुसऱ्या कारागिरानें काढून ठेवलेली जुनी कॉइल लावून पाहिली. ठिणगी तितकीच निळी होती. जुना प्लगही तारेच्या ब्रशानें घासल्यावर उत्तम चालला.

सर्वच वेळीं दोष तारेंत असतो असें मात्र समजूं नये. कांहीं ठिकाणें अशीं आहेत कीं तेथें तो वारंवार सांपडतो. बॅटरीच्या टोंकांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड जमते आणि प्रवाह अडवते. ती खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यानें धुवावी, पाणी बॅटरीच्या आंत जाऊं देऊं नये, टोंकें घासून घट्ट आवळावींत आणि वर व्हॅसलिन लावावें. बारा व्होल्टची शिशाची बॅटरी पूर्ण भरलेली व विसावलेली असतां मापकावर साडेबारांच्या किंचित् वर आंकडा दाखविते. बाराच्या खालीं उतरली असेल तर ती जवळजवळ रिकामी समजावी. भरतांना तिच्यांतून ज्वालाग्राही वायु निघतो, म्हणून जवळ काडी ओढूं नये. बॅटरीची धातूला जोडलेली तार, जिला कारागीर 'अर्थिंग' म्हणतात, तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जातें. परंतु प्रवाहाला जाण्याइतकीच परत येण्याची वाट लागते. गंजलेल्या किंवा रंगविलेल्या पत्र्यावर आवळलेली अर्थिंग म्हणजे अर्धवट बंद केलेला दरवाजा होय.

पॉइंटच्या टोंकांवर तेल येतें, काजळी धरते, खड्डे पडतात. बारीक पॉलिश पेपरनें तीं हलक्या हातानें साफ करून, मग स्वच्छ कागदाची पट्टी त्यांमधून ओढावी. पूर्ण उघडलेल्या स्थितींत जुन्या बुलेटच्या टोंकांमध्यें ०.३५ ते ०.४० मिलिमीटर अंतर असावें. तें फीलर गेजनें मोजावें, डोळ्यांनीं ठरवूं नये. अंतर बदललें कीं ठिणगीची वेळही बदलते, आणि वेळ चुकलेली ठिणगी कितीही निळी असली तरी निरुपयोगी. पॉइंटमध्यें मोठी पिंवळी ठिणगी सतत उडत असेल, टोंकें थोड्याच दिवसांत जळत असतील आणि प्लगवरील ठिणगी मात्र क्षीण असेल, तर संशय कंडेन्सरवर घ्यावा. गाडी थंड असतां चालते, तापली कीं बंद पडते आणि निवल्यावर पुन्हां चालू होते, असें असेल तर कॉइल किंवा कंडेन्सर उष्णतेनें हार खातो आहे. अशा दोषाची परीक्षा यंत्र तापलेलें असतांनाच केली पाहिजे.

मॅग्नेटोच्या गाड्यांत एक गोष्ट उलटी असते. बॅटरी व कॉइलच्या रचनेंत यंत्र थांबविण्यासाठीं मार्ग तोडावा लागतो. मॅग्नेटोंत तो धातूला जोडून थांबवितात. म्हणून बुलेटमध्यें तुटलेली तार ठिणगी मारते, तर मॅग्नेटोंत घासून उघडी पडलेली आणि चौकटीला टेकलेली तार ठिणगी मारते. संशय आल्यास थांबविण्याच्या स्विचची तार तात्पुरती सोडवून किक मारावी. ठिणगी आली तर चोर सांपडला. मात्र ती तार सोडलेली असतां यंत्र स्विचनें थांबणार नाहीं, हें आधींच लक्षांत ठेवावें.

हल्लींच्या गाड्यांत पॉइंट नाहींसे झाले आहेत. त्यांचें काम इलेक्ट्रॉनिक पेटी करते. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाल्यावर बहुतेक नव्या मोटारसायकलींत कार्ब्युरेटरही गेला आणि पेट्रोल फवारण्याचें काम त्याच विजेच्या मेंदूकडे आलें. अशा गाडींत बॅटरी क्षीण झाली तर ठिणगीबरोबर पेट्रोलचा पंपही अडतो. बाजूचा स्टँड खालीं असतां गियर घातला तर यंत्र बंद व्हावें, अशी सोय पुष्कळ गाड्यांत असते. तो स्टँडचा स्विच चिखलानें बिघडला तर गाडी विनाकारण अडून बसल्यासारखी वाटते. या गाड्यांत प्लग अधांतरीं लोंबकळत ठेवून किक मारूं नये, कारण धातूकडे वाट न मिळालेला झटका त्या महाग पेटीला इजा करूं शकतो. समोरील इशाऱ्याचा दिवा लागून राहिला असेल तर तो कोणता दोष सांगतो हें आधीं वाचवून घ्यावें. परंतु तारा अजून तांब्याच्याच आहेत, त्या अजून हँडलपाशीं वांकतात, जोडांत अजून पाणी शिरतें, आणि अर्थिंगला अजून गंज चढतो. साधनें बदललीं तरी शोधण्याचा क्रम तोच आहे.

रविवारीं सकाळीं भंगारवाला टेम्पो घेऊन आला तेव्हां बुलेट रस्त्यावर उभी होती. वडिलांनीं डीकम्प्रेसर दाबून, कांट्याकडे पाहत किक योग्य जागीं आणली. आजोबा तसेंच करीत, हें त्यांना आठवत होतें. दुसऱ्या किकेला यंत्र चालू झालें. भंगारवाल्याला जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे देण्यांत आले. मिस्त्रींनीं आपल्या कामाचे पैसे मोजून घेतले, आणि जातांना टेस्ट लॅम्प नातीच्या हातीं ठेवला. "कधीं अडलीस तर आधीं याला विचार," ते म्हणाले, "मग मला."

घरांतील कोणतेंही यंत्र बिघडलें, मग तें पाणी चढविणारा पंप असो वा भिंतीवरचा पंखा असो, पहिला विचार नवा भाग आणण्याचा येतो. नवा भाग बाजारांत पैसे टाकून मिळतो. दोषाची जागा मात्र शोधावी लागते. यंत्र कसें थांबलें तें आठवावें, जें ठीक आहे तें एकेक करून वगळावें, आणि दोष जेथें आहे तेथेंच हात घालावा. एवढी शिस्त ज्या घरीं असेल, त्या घरांतून चांगल्या वस्तु भंगारांत जाणार नाहींत.